बागुलबुवा ओळखायचा खेळ

हॅलोविनच्या सकाळी लोरेटा कुबियाकने चर्चच्या तळघरात जुनी वर्तमानपत्रं अंथरली, त्यांवर भोपळे मांडले आणि चार-चार वर्षांच्या पोरांच्या हातात लाकडी हातोड्या दिल्या. हे ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी कधी शिशुवर्ग सांभाळलेला नाही. गॉल्फच्या चेंडूखाली टोचतात ते लाकडी खिळे भोपळ्याच्या सालीवर धरायचे आणि ठोकायचे, एवढाच खेळ. यानं मुलांच्या बोटांना वळण लागतं, असं पालकांना सांगायचं. खरं कारण लोरेटाला ठाऊक होतं. पोरांना मारायला आवडतं. वर्षभर 'मारू नको, ढकलू नको, चावू नको' ऐकून ऐकून ती तुंबलेली असतात. एक दिवस भोपळ्यावर निघतंय तर निघू दे.

"मार! मार! मार!" बो ओरडत होता. बो म्हणजे वर्गातला दांडगोबा, आज डोळ्यावर काळी पट्टी बांधून समुद्री चाचा झालेला. त्याच्या मागोमाग सगळा वर्ग त्याच तालावर ओरडायला लागला. भोपळ्यांतून पाणी उडत होतं, बिया भिंतीला चिकटत होत्या. मदतनीस शांडा चेटकिणीची टोपी घालून, कानांवर हात ठेवून उभी होती.

"लोरेटा, ही पोरं आहेत की दरोडेखोर?"

"अजून गोळ्या-चॉकलेटं पोटात जायचीत," लोरेटा म्हणाली. "दुपारी बघ मग."

एकटी ओपल ठोकत नव्हती. ती मधमाशी झाली होती. आईने रात्रपाळ्यांच्या मधल्या वेळात शिवलेला काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा झगा, पाठीला जाळीचे पंख, डोक्यावर तारेची दोन शिंगं. हातोडी मांडीवर ठेवून ती खिळे रंगांप्रमाणे वेगळे करत बसली होती. लोरेटाने तिला आग्रह केला नाही. या मुलीने वर्गात पहिल्यांदा तोंड उघडून हसायला कितीतरी महिने घेतले होते, आणि ते हसू अजून नवं होतं.

ओपलची आई टॅमी वृद्धाश्रमात काम करायची. उन्हाळा संपताना ती एक डोळा सुजलेला घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली होती, हातात कोर्टाचा हुकूम. ओपलचा बाप ड्वेन हॅचर यापुढे मायलेकींच्या आसपास फिरकायचा नाही. लोरेटाने तो कागद आणि ड्वेनचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि ओपलपुढे गुडघ्यांवर बसली.

"या खोलीत कुणी कुणाला मारत नाही. मी इथे आहे तोवर नाही."

ओपलने बराच विचार केला. "मोठी माणसंपण नाही?"

"मोठी माणसं तर अजिबातच नाही."

तेव्हापासून ही पोर रोज सकाळी उंबऱ्यावर थांबून सगळी खोली न्याहाळायची आणि मगच आत पाऊल टाकायची. हल्ली तिचं हे थांबणं कमी व्हायला लागलं होतं. लोरेटाला त्याचा इतका अभिमान वाटायचा की तो कुणाला सांगायलाही तिला लाज वाटे.

ठोकाठोकीनंतर रंगकाम निघालं. बोने हात उडवला आणि लाल रंगाची वाटी ओपलच्या बाहीवर पालथी केली. दुसरं कुणी असतं तर भोकाड पसरलं असतं. ओपल उठली, मोरीशी गेली, स्टुलावर चढली. लोरेटाने धावत जाऊन गरम पाण्याचा नळ सोडला. ओपलने तो बंद केला आणि शेजारचा सोडला.

"गरम नको. थंड. गरम पाण्याने बसतो."

"काय बसतो, राणी?"

"डाग."

"हुशार आहे हं तुझी आई," लोरेटा म्हणाली आणि बोच्या दिशेने वळून त्याला दोन शब्द सुनावले.

आता दिवसाचा खरा सोहळा राहिला होता. या शाळेत बागुलबुवा ओळखायचा खेळ लोरेटाच्याही आधीपासून चालत आलेला. दर हॅलोविनला कुणातरी मुलाचा बाप, आजोबा नाहीतर काका नखशिखांत सोंग घेऊन मागच्या दाराशी येतो आणि तीन थापा मारतो. तो बोलत नाही, कारण आवाजावरून पोरं ओळखतील. त्याने कुठलं सोंग घ्यायचं, हे बाईंनाही सांगायचं नाही. पोरं गोल बसतात, एकेक जण पुढे येऊन त्याच्या हाताला हात लावतो आणि नाव सांगतो. नाव बरोबर निघालं की बागुलबुवाने मुखवटा काढायचा, आणि मग सगळ्यांना डोनट. खेळाचा हेतू शहाण्या माणसाने काढलेला होता: भुताच्या आत नेहमी आपल्याच ओळखीचं कुणीतरी असतं, हे लेकरांना कळावं.

या वर्षी पाळी पोस्टमन अर्लची होती. त्याची नात याच वर्गात होती. टपाल वाटून झालं की येतो, म्हणाला होता.

एरवी हे दार कुणासाठी सहज उघडत नसे. नाव विचारायचं, चेहरा बघायचा, फोटोशी ताडून घ्यायचा, असा लोरेटाचा कडक शिरस्ता. पण चेहरा दाखवायचा नाही हाच ज्या दिवसाचा नियम, त्या दिवशी कपाटातल्या फोटोचा काय उपयोग? हे तिला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. गावात कुणालाच सुचलं नसतं.

दारावर थापा पडल्या. एक, दोन, तीन.

"आला!" पोरं किंचाळली.

लोरेटाने स्वतः दार उघडलं. बाहेर काळ्या केसाळ कातडीतला थोराड गोरिला उभा होता, तोंडावर दात विचकलेला रबरी मुखवटा.

"या, या बागुलबुवा!" तिने नाटकी कमरेत वाकून त्याला आत घेतलं. "आमच्याकडे आज खायला फार गुबगुबीत मुलं आहेत!"

पोरं आनंदाने किंचाळत एकमेकांच्या अंगावर पडली. गोरिलाने छाती बडवली. तो मधोमध छोट्या खुर्चीत बसला आणि त्याने हातमोजे काढून दोन्ही पंजे पुढे धरले. लोरेटाच्या मनात एकदा येऊन गेलं, की अर्लचा गुडघा दुखरा आहे, तो पाय ओढत चालतो, आज बरा ताठ चालला. मग तिला वाटलं, सोंग चांगलं वठवतोय म्हातारा.

बो पुढे झाला. हात दाबून पाहिला. "माझे बाबा!"

गोरिलाने मान हलवली. नाही.

"बेकरीवाले काका!" नाही. "पाद्रीबाबा!" सगळे खिदळले. अर्लच्या नातीने हात हुंगला आणि 'माहीत नाही' म्हणून परत गेली. तेव्हा तरी लोरेटाने चमकायला हवं होतं. आजोबांचा हात नात ओळखणार नाही? पण त्याच वेळी शांडा डोनट टांगायची दोरी वर बांधताना स्टुलावरून डगमगली आणि लोरेटाचं लक्ष तिकडे गेलं.

ओपलची पाळी आली. ओपल उठली नाही.

ती त्या हातांकडे बघत होती. उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर वाकडं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. लोरेटाला वाटलं, घाबरलीय, आणि भीती घालवण्यासाठीच तर हा खेळ आहे. तिने मागून तिच्या पंखांवर तळहात ठेवला आणि तिला हळूच पुढे ढकललं.

"जा ना, राणी. काही करत नाही तो. हात लाव बघू."

ओपल गेली. सांगितलेलं सगळं ऐकायची सवय होती तिला. तिने एक बोट त्या वाकड्या पेराला लावलं.

आणि मागच्या दारावर थापा पडल्या. एक, दोन, तीन.

"आणखी एक!" बो ओरडला. "आणखी एक आला!"

लोरेटाने वळून गोरिलाकडे पाहिलं. शांडाने हसत दार उघडलं. बाहेर डोक्यावर गोणपाटाची पिशवी घातलेलं, गवत खोचलेलं एक बुजगावणं एक पाय ओढत उभं होतं.

"डॅडी," ओपल अगदी हळू म्हणाली.

नाव बरोबर निघालं होतं. गोरिलाने नियमाप्रमाणे मुखवटा काढला. घामाने केस कपाळाला चिकटलेला ड्वेन हॅचर पोरांकडे बघून हसला. गेल्या वर्षी याच पार्टीला त्याने सगळी टेबलं एकट्याने उचलली होती, पोरांना खांद्यावर घेऊन फिरवलं होतं, आणि लोरेटाला तो मनापासून आवडला होता.

"शाबास, बाळा," तो म्हणाला. "चल, घरी जायचं."

"ड्वेन." लोरेटा पुढे झाली. "तिला सोड. तुला इथे यायची मनाई आहे."

"मिस लोरेटा, तुम्हीच तर दार उघडलंत." त्याने ओपलचा दंड धरला. "उगाच मधे पडू नका. मी तुमचा मान ठेवतो, तुम्ही माझा ठेवा."

शांडा फोनकडे धावली. ड्वेनने लहानशी खुर्ची पायाने उडवली, ती तिच्या पोटरीवर बसली आणि शांडा टेबलावर कोसळली. सफरचंदाच्या गरम रसाचं भांडं कलंडलं. तिची चेटकिणीची टोपी घरंगळत पोरांमध्ये गेली. ती उठायच्या आत त्याने तिच्या कानशिलात अशी भडकावली की तिचं डोकं कपाटावर आपटलं. पोरं खो-खो हसली. गोरिला चेटकिणीला मारतोय, याहून मजेचं काय असणार?

"ए! ए, काय चाललंय?" अर्ल पिशवीच्या भोकांतून चाचपडत पुढे आला. त्याला धड दिसतही नव्हतं. ड्वेनने एका हाताने ओपलला धरून दुसऱ्या हाताची मूठ पिशवीच्या मधोमध हाणली. आत काहीतरी कचकन मोडलं. बुजगावणं गुडघ्यावर बसलं, मग आडवं झालं, आणि गोणपाटावर नाकाच्या जागी लाल ठिपका उमटून पसरायला लागला.

टाळ्या! सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. "मार! मार! मार!" बोने ताल धरला आणि सकाळचाच गजर पुन्हा सुरू झाला.

ड्वेन दाराकडे निघाला. ओपल रडत नव्हती, ओरडत नव्हती. पाय सैल सोडून ओढली जात होती. तिचा एक पंख खुर्चीत अडकून टरकन फाटला. जाता जाता तिने लोरेटाकडे बघितलं. त्या नजरेत मदतीची हाक नव्हती. असली तर एवढीच खात्री होती, की मोठी माणसं सांगतात ते काही खरं नसतं.

लोरेटाने जमिनीवरची हातोडी उचलली आणि ओपलचा दंड धरलेल्या हातावर हाणली. खेळण्यातली हातोडी ती, तिचा दांडा तुटला. पण घाव त्या वाकड्या पेरावरच बसला आणि हात सुटला.

"ओपल, टेबलाखाली!"

ड्वेनने उलट्या हाताने लोरेटाच्या तोंडात मारली. दात ओठात घुसला. साठीला टेकलेली बाई, ती भिंतीवर आदळली आणि खाली बसली. तोंडात रक्ताची चव आली. तो टेबलाकडे वळला, वाकला, खाली हात घालून चाचपडायला लागला.

"ये बाहेर. ये म्हणतो ना! तुझ्या आईसारखं करू नकोस, ये!"

लोरेटाच्या हाताशी बोच्या वाट्याचा भोपळा होता. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जास्त खिळे ठोकलेला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, डोक्यावर नेला आणि वाकलेल्या ड्वेनच्या टाळक्यात घातला.

तो पडला. भोपळा फुटला नव्हता. लोरेटाने तो परत उचलला. आता पोरांचा आवाज छताला भिडत होता. मार! तिने घातला. मार! पुन्हा घातला. तिसऱ्या घावाला भोपळ्याची दोन शकलं झाली, गर आणि बिया त्याच्या तोंडावर पसरल्या. तो उताणा झाला. त्याने तोंड झाकायला हात वर केला, आणि तोच हात बघून लोरेटाचं डोकं फिरलं. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि मुठींनी त्याच्या तोंडावर मारत सुटली. टॅमीच्या डोळ्यासाठी मारलं, शांडासाठी मारलं. ते सगळं रास्तच होतं. पण त्यानंतरचे ठोसे कुणासाठीच नव्हते. ते तिला मारायचे होते, म्हणून मारले. बरं वाटत होतं, हे खरं.

"लोरेटा!" अर्लने पिशवी काढली होती, नाकातून धार लागली होती. "बस कर. पडलाय तो. लोरेटा, संपलं!"

तिने ऐकलं. ऐकून आणखी एक मारला.

मग पोरं गप्प झाली. कुणी सांगितलं नाही, त्यांची त्यांनाच उमज पडली. बोने डोळ्यावरची पट्टी वर सरकवली आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं. "मिस लोरेटा," तो म्हणाला, "तो खेळत नाहीये."

शांडा उठली. कान लाल, चेहरा राखेसारखा. तिने पोरांना शेजारच्या स्वयंपाकघरात पिटाळलं, पोलिसांना फोन केला, आणि आतून तिचं थरथरतं गाणं ऐकू यायला लागलं. अर्ल ड्वेनच्या पायांवर बसून राहिला. ड्वेन कण्हत होता. श्वासाबरोबर त्याच्या नाकापाशी बुडबुडे येत होते. जिवंत होता. लोरेटाला त्याबद्दल ना सुख झालं ना दुःख. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे हात मांडीवर पडले होते, कुणी दुसऱ्याचे असावेत तसे. बोटांच्या सांध्यांवरची सालं निघाली होती. कुठलं रक्त तिचं आणि कुठलं त्याचं, सांगता येत नव्हतं.

तिला ओपलची आठवण झाली. टेबलाखाली कुणी नव्हतं.

मोरीशी पाण्याचा आवाज येत होता. ओपल स्टुलावर चढली होती. पाठीला एकच पंख. तिने नळाखाली बोट धरून पाहिलं, खात्री केली, कागदी रुमाल भिजवला, पिळला, त्याची नीट घडी घातली. मग ती बिया आणि रक्त चुकवत चालत आली. पण अगदी जवळ आली नाही. लांबवरच थांबली, आणि हात पुरता ताणून तिने तो कागद पुढे केला. शरीर मागे, हात पुढे, एक पाय पळायला तयार.

"थंड आहे," ती म्हणाली.

लोरेटाने हात पाठीमागे लपवायला घेतले, पण ओपलने मान हलवली. तसं नसतं करायचं, वाळलं की निघत नाही. ती एक पाऊल पुढे आली आणि लोरेटाचा हात पुसायला लागली. बोटांच्या फटींतून बाहेर, एकेक सांधा, अजिबात न दुखवता. सवयीचं काम होतं ते. चार वर्षांच्या मुलीला कुठल्या कुठल्या हातांवर ही सवय लागली असेल, हे लोरेटाला आता कळलं. सकाळी मोरीपाशीच कळायला हवं होतं.

"मी ओरडले नाही," ओपल कागदाकडेच बघत म्हणाली.

"हो, राणी. नाही ओरडलीस."

"रडलेपण नाही."

"ओपल, माझ्याकडे बघ. मी तुला कधीच, कधीच—"

"आता राग गेला?"

हा प्रश्न तिने फार जपून विचारला. बाहेर दूरवर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजायला लागला होता. लोरेटाने तिच्या शिंगांकडे पाहिलं. एक वाकलं होतं. मुठी अजून वळायला बघत होत्या, आणि कण्हणं ऐकू आलं की पुन्हा उठून जावंसं वाटत होतं.

"गेला," लोरेटा म्हणाली.

ओपलने मान वर करून तिचा चेहरा नीट बघून घेतला. हे उत्तर तिने पुष्कळदा ऐकलेलं असावं. तिने मान डोलावली, लाल झालेला कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दुसरा भिजवायला गेली.